अवरक्त

आमच्या आप्पांचा जीव एका शब्दानं घेतला, असं गावात अजून सांगतात. सांगणारे सांगोत. शब्दाला हात नसतात आणि कुऱ्हाड आपोआप उठत नाही. मी तिथं होते, आप्पांचं रक्त माझ्या पातळावर उडालं, तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

आमचं गाव गुलबर्ग्याहून कडगंचीच्या पुढं. वरच्या आळीत कन्नड, खालच्या आळीत, म्हणजे आम्हा बौद्धांच्या घरांत, मराठी. शिव्या मात्र दोन्हीकडचे उर्दूत देत. साल सत्त्याऐंशी. ऐन उन्हाळ्यात नळाच्या पाण्यावरून मारामारी झाली. वरच्या आळीतल्या काशप्पाचं डोकं फुटलं, आमच्या भगवानरावकाकांचा हात मोडला. तहसीलदारांनी शाळेच्या पटांगणात दोन्हीकडच्यांना बसवून समेट घडवला. आमचे आप्पा, रामराव, उभे राहिले आणि सगळ्यांदेखत बोलले, "आमच्याकून रगत सांडणार न्हाई. ह्यो माझा शबूद."

वरच्या आळीतून गौडाचा, म्हणजे पाटलाचा, मुलगा बसवराज उठला. नुकताच बी. एस्सी. झालेला, गोरा, गोड बोलणारा. त्यानं आप्पांचा हात हातात घेतला. मला तो हात तेव्हाच आवडला नव्हता, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण? मी गावातल्या शाळेत मास्तरीण होते आणि घरात नुसती अक्का.

हा बसवराज माझ्या धाकट्या भावाचा विद्यार्थी. नागनाथ गुलबर्ग्याला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि हैदराबादच्या विद्यापीठात पीएच. डी. करत होता. त्याचा विषय असा की घरात कुणी विचारलं तर मी स्वयंपाकघरात पळायची. क्वासार नावाची एक वस्तू, आभाळाच्या पार पलीकडे. दिसायला चांदणीएवढी, पण अख्ख्या आकाशगंगेपेक्षा जास्त पेटलेली. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारी ऊब निघते. त्या उबेच्या किरणांना अवरक्त म्हणतात, लाल रंगाच्याही खालचे. आता गंमत अशी की कधी कधी त्या क्वासारच्या बरोब्बर पुढं दुसरीच एक आकाशगंगा उभी असते. उपग्रहाला दोन्ही मिळून एकच ठिपका दिसतो. मग ऊब कुणाची? पुढचीची की मागच्याची?

आप्पांनी हे सगळं बिडी विझेपर्यंत ऐकून घेतलं होतं. "मंजी जळायलाय मागचा आन् नाव पुढच्याचं?"

"तसंबी व्हतंय आप्पा. तेच तपासायलोय मी."

"त्यात तपासायचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी. आमाला जलमापासून ठाव हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला लागेपर्यंत हसले.

बुद्ध पौर्णिमेला विहारात नागनाथचं भाषण ठेवायचं, ही आप्पांचीच हौस. पोरगा आभाळातलं शिकलाय, गावाला कळू दे. भगवानरावकाकांनी दवंडीचं काम अंगावर घेतलं. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात कर्णा. आदल्या दिवशी आमच्या आळीत मराठीतून ओरडून झालं, तर म्हणाले, "वरच्या आळीलाबी बोलवू की. समेट झालाय न्हवं?" माणूस मनानं चांगला. चांगल्या माणसांचाच घात होतो. अवरक्तला कन्नडात काय म्हणतात ते काकांना ठाऊक नव्हतं, म्हणून तो शब्द त्यांनी तसाच ठेवला आणि वरच्या आळीच्या चौकात जोरात पुकारलं:

"नाळे संजे विहारदाग अवरक्त तोरस्तार! एल्लारू बर्री!"

उद्या संध्याकाळी विहारात अवरक्त दाखवणार, सगळे या. हे आमच्या कानांनी. पण कन्नडात 'अवर' म्हणजे त्यांचं, आणि रक्त म्हणजे रक्तच. खरखरत्या कर्ण्यातून वरच्या आळीला ऐकू आलं: उद्या संध्याकाळी विहारात त्यांचं रक्त दाखवणार, सगळे या. नळावरच्या मारामारीनंतर 'त्यांचं' म्हणजे आपलंच, असं वरच्या आळीनं धरलं. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला म्हणतात, तो निदान कुणीतरी मुद्दाम केला होता. इथं काकांना पत्ताही नव्हता. दवंडी संपवून ते चहा प्यायला बसले.

पुढचा सगळा दिवस वरची आळी दारं लावून होती. गौडाच्या विधवेनं, बसवराजच्या आईनं, चंद्रम्मानं, कुणी आलंच तर डोळ्यांत फेकायला उंबऱ्याशी तिखटाची परात भरून ठेवली, हे मला पुढं कळलं. ती बाई खरोखर घाबरली होती. तिच्यावर माझा राग नाही, म्हणजे नव्हता.

नागनाथ हैदराबादहून आला तोच मुळी दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं. दवंडी त्यानं ऐकलीच नाही.

दिवस मावळताना विहारापुढं माणसं जमली. नागनाथनं विस्तवात नांगराचा फाळ तापवून ठेवला होता. लाल होऊ दिला नाही. बाहेर काढला तेव्हा तो काळाच दिसत होता. चिमट्यानं फाळ धरून तो आप्पांच्या पाठीमागं लपला. शेजारच्या भागाबाईला डोळे मिटायला लावून समोर उभं केलं आणि आप्पांच्या काखेखालून फाळ पुढं केला.

"मावशी, ऊब कुणाची लागायलीय?"

"रामरावदादाची की! लई तापलेत दादा."

सगळे खदाखदा हसले. आई, सुभद्राबाई, तोंडाला पदर लावून हसत होती. नागनाथनं फाळ विटांवर ठेवला. "दिसत न्हाई, पर हाय. ह्यालाच अवरक्त म्हणायचं," तो मोठ्यानं म्हणाला.

त्याच क्षणाला वाटेवरून आवाज आला, "केळिदिरेनु?" ऐकलंत का?

वरच्या आळीची चाळीसेक माणसं. काठ्या, कोयते, कुऱ्हाडी. पुढं काशप्पा, डोक्यावर अजून पट्टी. बसवराज पुढं नव्हता, मागं होता. उंच असल्यामुळं त्याचा चेहरा सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होता. "नम्म रक्त तोरस्तीरेनु?" काशप्पा ओरडला. आमचं रक्त दाखवता काय?

कन्नड मला येतं. मला झर्रकन कळलं काय झालंय ते. मी ओरडले, दोन्ही भाषांत ओरडले. पण ओरडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? आप्पा दोन्ही हात जोडून पुढं गेले. "अण्णा, शबूद दिलाय मी. रगताचं न्हाई हो, आभाळाचं हाय..."

काशप्पानं त्यांना ढकललं. हातात काठी असूनही त्याला लोखंड हवं होतं. विटांवरचा काळा फाळ दिसला आणि त्यानं तो मुठीत उचलला.

ती किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. कातडी फाळाला चिकटली. फाळ सुटेना. जळाल्याचा वास आला. काशप्पा गुरासारखा ओरडत जमिनीवर लोळायला लागला, आणि मागच्यांना एवढंच दिसलं की आपला माणूस पडला. मग काठ्या सुरू झाल्या. भागाबाईच्या कपाळावर पहिली बसली. भगवानरावकाकांचा मोडलेला हात पुन्हा मोडला. आमच्यातल्याही पोरांनी विटा उचलल्या आणि एकाचे दात पाडले; खोटं का बोलू, मला त्याचा आनंद झाला.

त्या गोंधळात नागनाथला बसवराज दिसला आणि तो वेडा खूश झाला. बुडत्याला काडी सापडावी तसा हात वर करून ओरडला, "बसवराज! अरे, तूच सांग ह्यांना! अवरक्त म्हणजे काय, तुला ठाव हाय!"

बसवराजनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मान वळवून आपल्या माणसांना शांतपणे कन्नडात म्हणाला, "बघा, परत बोलला. अवर रक्त."

आणि बाजूच्याच्या हातातली कुऱ्हाड घेऊन तो गर्दीतून वाट काढत पुढं आला. वार नागनाथवर होता. आप्पा मध्ये शिरले. कुऱ्हाड मानेत रुतली, काढायला त्याला पाय लावावा लागला. आप्पा गुडघ्यांवर बसले, मला वाटलं उठतील. मी त्यांना धरलं तेव्हा माझ्या हातांत सगळं गरम गरम होतं, आणि ते काहीतरी सांगायला बघत होते, पण गळ्यातून नुसते बुडबुडे येत होते.

गुलबर्ग्याला खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. बसवराजच्या वकिलानं एकच शब्द धरला: गैरसमज. भोळी माणसं, चुकीचं ऐकलं, डोकं फिरलं. ठरवून केलेला खून नव्हेच. बसवराज म्हणाला, मी इंग्रजीतून शिकलो, अवरक्त हा शब्द जन्मात कधी ऐकला नव्हता. आमच्याही काही शहाण्यांना ते पटायला लागलं. काका तर रोज रडायचे, माझ्याच तोंडानं भाऊ मेला म्हणून. गैरसमज म्हटला की सगळ्यांचीच सुटका होते, मेलेला सोडून.

साक्षीच्या दिवशी बसमध्ये नागनाथ माझ्या शेजारी बसला होता. कडगंची मागं पडली. मग हळूच म्हणाला, "अक्का, त्याला शब्द ठाव व्हता."

"ते मलाबी कळतंय. पर कोर्टाला कसं कळावं?"

"वर्गात मी इंग्रजी शब्द सांगून मराठीबी सांगायचो, आपल्याकडच्या पोरांना समजावं म्हणून. अवरक्त म्हणालो तर बसवराजच उठून म्हणाला, सर, कन्नडात ह्याचं 'अवर रक्त' व्हतंय. समदा वर्ग हसला. मीबी हसलो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दीड वरीस गप बसलास? कामून?"

"सांगितलं तर वकील म्हणंल, मंजी तुलाबी ठाव व्हतं. तूच मुद्दाम पुकारायला लावलंस. मलाच आरोपी करतील अक्का. नोकरी जाईल, समदं जाईल."

त्याचं चुकत नव्हतं. तसंच झालं असतं. पण मी काही न्यायाधीश नव्हते, मी आप्पांची मुलगी होते. "आप्पा तुझ्या पुढं आले, नागू," मी म्हणाले. "आता तू कुणाच्या मागं लपायलास?"



कोर्टात त्यानं सगळं सांगितलं. दुभाष्या वाक्यावाक्यागणिक कन्नडात सांगत होता. वकील उठलाच, जणू वाटच बघत होता. "म्हणजे हा शब्द असा ऐकू येतो, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"तरी गावात पुकारू दिलात?"

"पुकारलं तेव्हा मी हैदराबादेत होतो. काकांना आधीच सांगून ठेवायला हवं होतं, माझ्या ध्यानात आलं नाही. त्यासाठी मला जी शिक्षा द्यायची ती द्या." नागनाथ न्यायाधीशांकडे वळला. "चाळीस माणसं चुकीचं ऐकून आली, हे खरं आहे. एक माणूस बरोबर ऐकून आला होता."

दुभाष्यानं ते कन्नडात सांगितलं आणि मागच्या बाकावरून चंद्रम्मा उठली. दीड वर्षांत ती निम्मी झाली होती. पोरानं आपल्या माणसांसाठी कुऱ्हाड उचलली, असंच ती धरून बसलेली. सरळ आरोपींच्या पिंजऱ्यापाशी गेली.

"निनग गोत्तित्तेनो?" तुला ठाऊक होतं का रे?

बसवराज खाली बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं मान वर केलीच नाही. मग चंद्रम्मानं पायातली चप्पल काढली आणि पोलीस येईपर्यंत पोराच्या तोंडावर मारत राहिली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. तिघा शिपायांना ती आवरेना.

लोक म्हणाले, काय आई आहे! त्याला जन्मठेप झाली, नागनाथची नोकरीही गेली, आणि लोक अजून त्या चपलेचं कौतुक सांगतात. मी मात्र त्या वेळी माझ्या आईकडे बघत होते. ती बाकावर ताठ बसली होती आणि मांडीवरचे तिचे दोन्ही हात थडथड उडत होते. बसवराजच्या तोंडावर पहिला हात तिचा पडायला हवा होता. आमचा माणूस मेला, आणि मारायचा हक्कसुद्धा त्यांच्याच घरात राहिला.