ट्रायल रूममधला शिंपी

शिंपी ट्रायल रूमच्या पडद्याआड उभा होता आणि त्याला शिंक येत होती.

खोली ती केवढी! आतल्या माणसानं श्वास घेतला की पडदा फुगायचा. त्यात तीन बाजूंना आरसे, म्हणजे एका शिंप्याचे चार शिंपी आणि चौघांच्याही हातात तोच जळका कोट.

बाहेर, हातभर अंतरावर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी म्हातारी स्टुलावर बसली होती. तिचा नवरा थंडीत गेला. त्याचा कोट तिनं आणून दिला होता. "माझ्या मापाचा करा. ईस्टरला हाच घालून वाजवणार." आणि आपल्या शिंप्यानं काय करावं? इस्त्री टेकवली कोटावर आणि एका गिऱ्हाइकाला थाप मारत बसला, की एका पहिलवानाचा सदरा शिवला तेव्हा बटणं लावायला शिडी लागली होती. शिडीवरून शिंपी खाली उतरेपर्यंत कोटाच्या छातीवर अख्खी इस्त्री उमटली!

हबकून त्यानं राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवशी, फादरना सांगितलं, "या उपवासकाळात मी खोटं सोडलं."

"अहो, शिंपी ना तुम्ही?" फादर म्हणाले. "जरा झेपेल असं काहीतरी सोडा."

पण तो हट्टाला पेटला. अन् पाळलंही, बरं का. फक्त म्हातारी कोट विचारायला आली की त्याची दातखीळ बसायची. आज तर ती दारातून आत येताना दिसली, तसा बायकोला खूण करून तो कोटासकट पडद्यामागे.

"ते बाहेर गेलेत," बायको म्हणाली.

"मग बसते. घरी तरी कोण वाट बघतंय?"

झालं. मागे दार नाही, वर खिडकी नाही.

"देवा, खोटं ती बोलली," शिंपी मनात म्हणाला. "मी तोंड तरी उघडलंय का?" आरशातल्या तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं नजर खाली केली.

डोक्यात थाप तयारच होती, काजाबटणांसकट. लाँड्रीवाल्यानं जाळला म्हणायचं. लाँड्रीवाला दुकान बंद करून कुठेतरी गेलाय, विचारतंय कोण? म्हातारीही बिचारी मान डोलावेल. किती सोपं!

बाहेर ती बायकोला सांगत होती, "हे माझ्या शेजारी बसून गाण्याच्या वहीची पानं उलटायचे. नेमके विसरायचे. मग मी तेच कडवं पुन्हा वाजवायची, आणि अख्खं चर्च मुकाट्यानं पुन्हा गायचं."

बायको हसली, आणि मग हळूच म्हणाली, "पाणी देऊ का हो, बाई?"

शिंपी आधी म्हणाला, देवा, म्हातारीला इथून उठव. मग म्हणाला, निदान शिंक थांबव. शिंक थांबली. आता मागायला काही सुचेना. "आहेस ना?" एवढंच त्यानं विचारलं. आत मुंगीला जागा नव्हती, तरी त्याला वाटलं, कोणीतरी शेजारी अंग चोरून उभं आहे.

त्यानं पडदा सारला.

"मी आतच होतो. हिला मीच खुणावलं." कोट पुढे केला. "माझ्या हातून जळला. बरेच दिवस झाले."

म्हातारीनं डागावर बोटं ठेवली. "आणि मी खेपा घालत होते तेव्हा?"

"भ्यायलो."

"नवरा माझा गेला, कोट माझा जळला, आणि भ्यायलात तुम्ही!"

शिंप्यानं कोट तसाच पुढे धरला होता.

तिनं कोट हिसकावून अंगात घातला. बाह्या पार बोटांखाली लोंबल्या.

"छातीवरचं कापड बदलून देतो..."

"खबरदार डागाला हात लावाल तर! हा आता तुमच्याकडे ठेवायची नाही मी. बाह्या तेवढ्या आखूड करा. इथेच, माझ्या अंगावर."

शिंपी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. ओठांत टाचण्या धरल्या. मनात मात्र त्याचं देवाशी बोलणं चालूच होतं, काहीही न मागता.

"टोचलं तर ओरडेन हं," म्हातारी म्हणाली.

"ओरडा," तो टाचण्यांमधून पुटपुटला.