पहिल्या बाकावरची मास्तरीण

आखातातून सुट्टीवर आलेला माणूस आमच्या मोहल्ल्यात आपला हुद्दा एक पायरी चढवूनच सांगतो. हेल्पर असेल तर ऑपरेटर, ऑपरेटर असेल तर सुपरवायझर. ऐकणाराही मनातल्या मनात एक पायरी उतरवून घेतो, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही. मी हावरटासारखा दोन-तीन पायऱ्या एकदम चढलो. जुबैलच्या लेबर कॅम्पात एकोणीस वर्षं पाचशे माणसांचा भात शिजवला आणि रत्नागिरीत सांगितलं, इद्रीस ऑफिसात आहे. लोकांनी उतरवून उतरवून मला कारकुनापर्यंत आणलं. चुलीपर्यंत कुणी पोचलंच नाही.

त्यात माझं इंग्रजी फाडफाड. केरळवाला, फिलिपिनो, इजिप्तचा मिसरी, सगळ्यांशी तेच बोलायचो. व्याकरण कुणी मागितलं नव्हतं, जेवण मागितलं होतं.

कायमचा परत आलो त्या वर्षी नोव्हेंबरात मोहल्ल्याच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या करुणा जाधव मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा कमिटीचे चेअरमन मुकादमसाहेब आमच्या दारात.

"इद्रीसभाय, दहावीची बत्तीस पोरां हायत. मार्चपर्यंत सांभाळा. तुमच्याशिवाय हाय कोण?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी बायको हफीजा चहा घेऊन आली आणि म्हणाली, "शिकवतील की. त्यात काय मोठा?" तिलाही मी ऑफिसच सांगितलं होतं. तोंड मिटलं.

त्या बत्तिसांत एक माझी मुलगी होती, आयात.

पहिल्याच तासाला झैन नावाच्या पोरानं उभं राहून विचारलं, "सर, फ्रेज आणि क्लॉजमध्ये फरक काय?"  मी घड्याळ बघितलं, खोकलो, आणि म्हटलं, "उद्या." पहिल्या बाकावर आयात माझ्याकडे टक लावून बघत होती.

संध्याकाळी तिनं वही आणली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, तुम्हाला येत नाय."

विचारलं नाही, सांगितलंच. मग मीही तिला सगळं सांगून टाकलं. भात, डाळ, पाचशे ताटं. पोरीनं उठून दाराला आतून कडी लावली.

"अम्मीला सांगू नका. कुणालाच सांगू नका. पोरी मला बावर्च्याची पोर म्हणून चिडवतील." आणि वही उघडली. "बसा. 'आफ्टर द ऑक्शन' म्हंजे काय?"

"लिलावानंतर."

"लिलावानंतर काय? कोण काय करतो?"

"ते कुठे सांगितलंय?"

"नाय ना सांगितलेला? म्हणून ती फ्रेज. नुसता शब्दांचा पुंजका. आता बघा, 'व्हेन द बोट केम'. बोट हाय, आणि ती आली. करणारा हाय, क्रिया हाय. हा क्लॉज."

"पण बोट आल्यावर पुढे काय झालं?"

"शाबास!" ती म्हणाली. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी शाबास म्हटलं असेल. "म्हणून हा क्लॉज एकटा उभा राहत नाय. दुसऱ्याला बांधूनच चालतो, बंद पडलेली बोट दोरानं ओढून आणतात तसा. 'माय फादर बॉट फिश' हा मुख्य. तो कुणाची वाट बघत नाय."

"आणि 'टू बाय फिश'?"

"कोण विकत घेतो?"

मी पुष्कळ शोधलं. घेणारा कुठेच नव्हता. "फ्रेज," मी म्हटलं, आणि खरं सांगतो, पन्नाशीला आलेल्या माणसाला इतका आनंद झालेला बघून आयात हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच सगळं मी वर्गात ओतलं. मिरकरवाडा बंदरातल्या बोटी, लिलाव, दोर. पोरं खूश. पहिल्या बाकावर आयात असं तोंड करून बसली होती, जणू हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मी अडखळलो की ती कंपासपेटी खाली पाडायची. तेवढ्यात मी फळा पुसायचो.

असे चार महिने काढले. संध्याकाळी ती शिकवायची, सकाळी मी. पण तिच्या संध्याकाळी माझ्यात जाऊ लागल्या आणि गणित तसंच पडून राहिलं. जानेवारीतल्या सरावपरीक्षेत इंग्रजीत अठ्ठ्याऐंशी, गणितात चौतीस.

"आजपासून बंद," मी म्हटलं. "मी चेअरमनला खरं काय ते सांगतो."

"मार्चपर्यंतच हाय ना, अब्बा? आता सांगितलात तर वर्गातली पोरां माझ्याकडे कशी बघतील?"

मला माझीच शिसारी आली. पण दुसऱ्या दिवशी पहिलाच तास इंग्रजीचा होता आणि बत्तीस पोरं वही उघडून बसली होती. मी संध्याकाळी पुन्हा तिच्यासमोर बसलो.

मे महिन्यात निकाल लागला. इंग्रजीत बत्तीसच्या बत्तीस पास. आयातला इंग्रजीत त्र्याण्णव, गणितात एक्केचाळीस. तिला सायन्सला जायचं होतं. या टक्क्यांवर ते जमणार नव्हतं. एकच वाट उरली होती: जुलैत श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षेला बसायचं आणि गणित वर काढायचं. त्यासाठी तिला हातात असलेली एकूण एक संध्याकाळ हवी होती. मी निकालाच्या रात्रीच ठरवलं, आता तिचा एक दिवसही घ्यायचा नाही.

शाळेनं माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. मुकादमसाहेबांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की करुणा मॅडम संगमेश्वरच्या शाळेत रुजू झाल्या आहेत, आणि जूनपासून दहावीचं इंग्रजी इद्रीसभायच बघतील. टाळ्या. मग माइक माझ्या हातात आला.

मी सगळं सांगितलं. शप्पथ. "मी ऑफिसात नव्हतो. मी लेबर कॅम्पात भात शिजवत होतो. मला व्याकरण येत नाही. जे शिकवलं ते रोज संध्याकाळी माझ्या मुलीनं मला शिकवलं, आणि त्यात तिचं गणित गेलं. मला मोकळं करा. तिला मोकळं करा."

 मग झैनचा बाप उठला, डोळे पुसत टाळ्या वाजवायला लागला, आणि सगळा हॉल उठला. मला आधी कळेचना. मग कळलं. आमच्या मोहल्ल्यात आजवर कुणी स्वतःचा हुद्दा खाली आणून सांगितलेला नाही. मग जो सांगतो, तो केवढा मोठा माणूस असला पाहिजे!

"याला म्हणतात साधेपणा," मुकादमसाहेब माइकवर म्हणाले. "स्वतःचा मोठेपण पोरीला देऊन टाकला. असा मास्तर आम्ही सोडू काय?"

"मी खरं बोलतोय," मी ओरडलो. लोक हसले, प्रेमानं हसले. हफीजा बायकांच्या रांगेत पदरानं डोळे टिपत होती. कुणीतरी माझ्या खांद्यावरची शाल सारखी केली. बाहेर पडताना झैनच्या बापानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "धाकटी यंदा दहावीला हाय, सर. आता ती तुमच्या पदरात." त्याच्या हातांना मासळीचा वास होता आणि तो सोडत नव्हता. मी मान डोलावली.

 घरी आल्यावर आयातनं हातपाय धुतले आणि गणिताची वही घेऊन बसली. मी समोर उभा राहून म्हटलं, "तू बघ तुझं गणित. मी जूनमध्ये शाळेत जाणारच नाही. कोण काय करतो ते बघू."

"तुम्ही गेला नाय तर त्या पोरांना कोण शिकवणार?"

 तिनं एक गणित पुरं केलं, त्याखाली रेघ मारली आणि वही मिटली. बाजूला सरकून तिनं चटईवर माझ्यासाठी जागा केली.

"बसा, अब्बा," ती म्हणाली.

निघून जायला हवं होतं. मी बसलो.