तुझंच कसं चालू?

लॅबमधले सगळे कॉम्प्युटर सकाळी बंद पडले होते आणि माझ्या एकटीचं मशीन चालू होतं. माझा गुन्हा एवढाच.

बाहेर बाकांवर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं ताटकळत होती. आत प्रत्येक पडद्यावर तेच: निळा रंग, दोन ओळी माफीच्या, मग काळोख, मग पुन्हा निळा. काउंटरवरचं माझं मशीन मात्र मी बटण दाबल्यावर नेहमीसारखं कुरकुरत सुरू झालं. पहिल्या माणसाचं नाव विचारते आहे, तोच डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. लॅब त्यांची.

"कोणी हात लावला?"

"कशाला?"

"सगळ्यांचं बंद. तुझंच कसं चालू?"

रक्त काढणारी टोचणीताई, हे नाव मीच ठेवलेलं, सिरिंज घेऊन दारात थबकली. "असतं एकेकीचं नशीब," ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. गेल्या आठवड्यात रजेवरून माझं त्यांच्याशी वाजलं होतं. ते भांडण मला आता त्यांच्या डोळ्यांत परत दिसत होतं. बाईने डूख धरला, काहीतरी आत घुसवलं आणि आपलं तेवढं वाचवलं.

लॅबच्या कॉम्प्युटरचं काम माझे दीर बघतात. मला इथे चिकटवलं त्यांनीच. ते धावत आले, माझ्या मशीनपुढे बसले, काहीबाही उघडून पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. घरीही काही लपवायचं असलं की असंच होतं. सासूबाई त्यांचं खोटं कानांवरून ओळखतात.

"काय झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघावं लागेल," भाऊजी म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, यांना कळलंय.

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "अहो, समोरची बँकही बंद आहे. माझ्या मुलाच्या ऑफिसातही हेच. सुरक्षेचं कसलंसं सॉफ्टवेअर आहे म्हणे, त्याच्या नव्या अपडेटने घोळ घातलाय."

तेच आमच्याकडे होतं. पडद्याच्या कोपऱ्यात ढालीचं चित्र असायचं, आम्ही त्याला राखणदार म्हणायचो. राखणदारानेच आतून कडी लावून घेतली होती. मला वाटलं, सुटले.

कसली सुटते. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भाऊजी कपाटाला टेकून उभे होते.

"जगाचं राहू दे. तुझंच कसं चालू ते सांग. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

लहानपणी माहेरी वायर जळून एक खोली काळीठिक्कर पडली होती. तेव्हापासून चालू वस्तू सोडून निघायला माझं मन धजत नाही. लॅबचा नियम आहे की मशीन बंद करायचं नाही, रात्री अपडेट येतात. मी रोज भिंतीवरचं बटण बंद करूनच निघते. भाऊजींना माझी ही खोड पाठ आहे. घरात त्यांच्या चार्जरची बटणंही मीच बंद करत फिरते. सकाळी त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, बस्स.

"भाऊजी, बंद मशीनवर अपडेट येतं का?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "नाही येत. सकाळपर्यंत कंपनीने ते मागेही घेतलं होतं. म्हणून वहिनींचं वाचलं."

"हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना?"

भाऊजी कपाटापासून दूर सरकले.

"म्हणजे तू नियम मोडलास," डॉक्टर म्हणाले.

"मोडला. पण बाकीच्या मशीनवर ते सोडलं कोणी?"

"ते आपोआप येतं," भाऊजी पुटपुटले.

आपोआप. कंपनीकडून निघालं आपोआप, आमच्यात शिरलं आपोआप, सगळं झोपवलं आपोआप. संशय तेवढा आपोआप घेता येत नाही, त्याला समोर एक तोंड लागतं. कंपनीला तोंड नव्हतं. तिचा 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा मेसेज डॉक्टरांनी मान डोलावत वाचला होता. मला होतं ना तोंड. मग मी ते उघडलं.

"जेवताना तुम्हीच सांगितलंत, भाऊजी. आधी एका मशीनवर घेऊन बघावं, मग बाकीच्यांवर, असं तुम्ही डॉक्टरांना सुचवलं होतंत. आणि डॉक्टर म्हणाले, कशाला नसती कटकट, येतंय ते येऊ दे सगळ्यांवर."

घरातलं बोलणं मी चव्हाट्यावर आणलं होतं. डॉक्टर माझ्यावरची नजर काढून भाऊजींकडे वळले.

"मी असं म्हणालो होतो?"

"नीट आठवत नाही," भाऊजी म्हणाले. कान लालभडक.

डॉक्टरांना त्या कानांचा अर्थ कळला की नाही, देव जाणे. त्यांनी एकदा भाऊजींकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जा, रिपोर्ट टाइप कर. चालू मशीन एकच आहे."

विश्वास बसला म्हणून नाही, अडलं म्हणून ठेवली. दिवसभर माझ्या मागे कोणी ना कोणी नजर ठेवून उभं होतं. टोचणीताईसुद्धा.

संध्याकाळी भाऊजी काउंटरशी आले. एकेक मशीन हाताने सुरू करून थकले होते. "वहिनी, घरी यातलं काही बोलू नका. आणि हे चालूच राहू द्या. नियम आहे."

मी पर्स खांद्याला अडकवली आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"कोणी विचारलं तर सांगा, वहिनीने हात लावला. तेवढं तरी आठवेल ना?"