विटांचं कपाट

काटेसाहेबांची सगळी हयात अणुवीज केंद्रात गेली, आणि तीही तापमान दाखवणाऱ्या काट्यांवर नजर ठेवण्यात. हे नाव तिथंच पडलेलं. निवृत्त होऊन ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा तिनं एक बंद पडत आलेली लाँड्री चालवायला घेतली होती. जुना गॅसचा बॉयलर भंगारात काढून त्या जागी तिनं एक भलंमोठं लोखंडी कपाट उभं केलं होतं. कपाटात कपडे नव्हते, विटा होत्या. छतावरच्या पॅनलांची वीज दिवसभर त्या विटा तापवायची. मग हवी तेव्हा त्यांच्यातून हवा फिरवायची आणि त्या गरम हवेवर पाणी तापवायचं, चादरी वाळवायच्या.

काटेसाहेबांना हा सगळा पोरखेळ वाटे. ऊन म्हणजे पाहुणा, त्याच्या भरवशावर कोणी चूल मांडतं का? अणू कसा, सांगाल तेव्हा आणि सांगाल तितका राबतो. हे ते सकाळच्या चहाला एकदा सांगत आणि दुपारच्या चहाला पुन्हा. लेक ऐकून घ्यायची. वाद घातला की चहा गार होतो, बाप मात्र होत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

आणि अशात हॉस्पिटलच्या चादरींचं काम चालून आलं. ते मिळालं तर लाँड्री तरणार होती, नाहीतर दाराला कुलूप. तिथल्या मोठ्या सिस्टर एक गाडीभर चादरी आधी नमुन्याला देणार होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या धुऊन, वाळवून, घड्या घालून परत करायच्या. लेक चादरी आणायला निघाली आणि जाताना वडिलांना बजावून गेली, की नुसतं लक्ष ठेवा, हात कशाला लावू नका, विटा पुऱ्या तापल्या की ते आपोआप बंद होतं.

नुसतं लक्ष ठेवण्यात तर काटेसाहेबांचा हातखंडा. ते खुर्ची ओढून कपाटावरच्या तापमानाच्या काट्यासमोर बसले. काटा तीनशेवर आला तसे ते सावरून बसले. चारशेवर त्यांना घाम फुटला. काटा पाचशेकडे सरकला, आणि हात आपणहून उठला. डोक्याला विचारायला त्याला सवडच मिळाली नाही. मुख्य खटका खाली आला आणि काटा जागच्या जागी थांबला. किती दिवसांनी आपण काही कामाचं केलं असं त्यांना वाटलं. लेकीला सांगायला ते दारातच जाऊन उभे राहिले.

ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं खटका पाहिला, काटा पाहिला आणि ती मटकन चादरींच्या गाठोड्यावर बसली. रागावली असती तर परवडलं असतं. तिनं शांतपणे सांगितलं, की विटा निम्म्याच तापल्यात, उद्या दिवसभर आभाळ राहणार आहे, आणि तारेवरून येणारी वीज एवढ्या विटा तापवायला पुरायची नाही. काटेसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं नुकसान करायला बाहेरचा कोणी लागलाच नाही, घरचाच बाप पुरला.

"आहे तेही सकाळपर्यंत गार होईल," ते पुटपुटले.

लेकीनं मान वर केली. "बाबा, तुमची भट्टी बंद केल्यावर किती वेळात गार व्हायची?"

"ती कसली गार होतेय? बंद केली तरी आतून धुमसत राहते. आम्ही दिवसचे दिवस तिच्यातून पाणी फिरवत बसायचो. गार होत नाही, तीच तर तिची भीती."

"माझं कपाट धुमसत नाही, नुसतं धरून ठेवतं. पण लवकर गार तेही होत नाही. त्याच्यावरच तर मी धंदा मांडलाय."

सकाळी आभाळ खरंच भरून आलं होतं. काटा मात्र जेमतेम घसरलेला. लेकीनं यंत्रं सुरू केली. काटेसाहेब घड्या घालायला बसले, पण डोळे काट्यावर. जन्मभर काटा चढू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस आज तो उतरू नये म्हणून तळमळत होता. चादरी निघत गेल्या आणि काटा उतरत गेला. शेवटची खेप बाहेर आली तेव्हा विटांतली धग सरली होती, आणि त्या चादरींच्या कडा अजून दमट होत्या.

काटेसाहेब उठले. गरम हवेच्या पाइपात अजून थोडी ऊब असेल असा त्यांचा कयास होता. त्यांनी एक चादर पाइपावर पसरली आणि तिची कड तळहातानं दाबून धरली. मग ते तसेच थांबले. जन्मभर जिची राखण केली ती उष्णता कायम जाडजूड भिंतींपलीकडे राहिली होती. तिच्या जवळपासही कोणाला जाता येत नसे.

"हिला हात लावता येतो गं," ते म्हणाले.

कडा एकेक करून वाळल्या. मोठ्या सिस्टर स्वतः गाडीबरोबर आल्या, वरची चादर त्यांनी गालाला लावून पाहिली आणि उद्यापासून रोजची गाडी पाठवते म्हणाल्या. गाडी गेल्यावर लेक आत आली. पाइपावर आता चादर नव्हती, वडिलांचा हात मात्र तिथंच होता. तिनं काट्यासमोरची त्यांची खुर्ची उचलली आणि पाइपाशेजारी आणून ठेवली. तिथून खटका चांगला लांब होता.