सहाशे बारा नंबरचं वाक्य

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि धाकटीच्या लॅपटॉपवर पाऊण तासात एकोणिसाव्यांदा तीच ओळ उमटली होती : 'जोडणी होऊ शकली नाही. वेळ संपली.'

वेळ संपत आली आहे हे तिला यंत्राने सांगायची काही गरज नव्हती. संध्याकाळी पाचला आवाज बनवणारी प्रयोगशाळा बंद होणार होती, आणि तीही कायमची. प्रकल्प संपला होता, मशीनं दुसरीकडे जाणार होती. ज्यांची वाक्यं पाचच्या आत पोचतील त्यांचे आवाज तयार होणार होते. आईची वाक्यं पुरी पोचली नव्हती.

आईने एकतीस वर्षं बसस्थानकावर घोषणा केल्या. तिने माइकवरून गाडीचा नंबर सांगितला की बाकावर डुलक्या घेणारा कंडक्टरसुद्धा पिशवी सावरत उठायचा. बाबा त्याच डेपोत ड्रायव्हर. ते तिला घरीदारी 'कंट्रोल' म्हणायचे. गेल्या वर्षी आईच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा धाकटीने धावपळ करून ही प्रयोगशाळा शोधली. ऑपरेशनच्या आधीचे दहा दिवस आई माइकसमोर बसली आणि तिने अकराशे पन्नास वाक्यं वाचली. 'टेबलावर पिवळा डबा आहे.' 'उद्या आपण लवकर निघू.' असलीच सगळी, ना शेंडा ना बुडखा. पण त्यांवरून आईचा आवाज बनणार होता. तिने टाइप करायचं आणि यंत्राने तिच्याच आवाजात बोलायचं. ऑपरेशनला आता अकरा महिने झाले होते. आई पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहून बोलत होती, आणि चिडली की फळा पुसतानाच समोरच्याला कळायचं.

प्रयोगशाळेत आईचा नंबर लागला, तसं धाकटीने सगळं फोल्डर गेल्या आठवड्यात पाठवलं. आज सकाळी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, एकशेतीन फाइल उघडतच नाहीत. कमीत कमी अकराशे लागतात. तुमच्याकडच्या मूळ फाइल पुन्हा पाठवा."

मूळ फाइल उघडून बघितल्या आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच एकशेतीन तिच्याकडेही मेलेल्या होत्या. डिस्क आतून सडत चालली होती. दहा ऑफिसांची नेटवर्क सांभाळणारी, 'बॅकअप घेतलात का?' म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचं डोकं खाणारी ही बाई, आणि आपल्या आईच्या आवाजाची दुसरी प्रत तिने घरात ठेवली नव्हती. स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्यात असं तिला वाटलं, पण त्यालाही वेळ नव्हता.

आशा एकच होती. परगावी राहणाऱ्या दादाला तिने तेव्हाच ते फोल्डर टोरंटने पाठवलं होतं. टोरंटमध्ये मधे कुणाचं गोदाम नसतं. एका कॉम्प्युटरवरून तुकडे थेट दुसऱ्यावर जातात, आणि एखादा तुकडा खराब निघाला तर ज्याच्याकडे चांगला आहे त्याच्याकडून तेवढाच परत घेता येतो. तिने तोच प्रोग्राम पुन्हा चालू केला. त्याने फोल्डर तपासलं, एक्क्याण्णव टक्के शाबूत असल्याचं सांगितलं, आणि खाली लिहिलं : 'पूर्ण प्रत असलेले : १.' ते वाचून तिच्या जिवात जीव आला. दादाचं कॉम्प्युटर चालू होतं. आता फक्त जोडणी व्हायची होती.

आणि नेमकी तीच होईना.

तिने फायरवॉल बंद करून बघितला. प्रोग्रामचा पोर्ट बदलला, राउटरमध्ये नव्या पोर्टला वाट करून दिली. मोबाइलचं नेट लावून बघितलं, पण त्या कंपनीने टोरंटला दारच लावून ठेवलेलं होतं. शेवटी तिने राउटर बंद करून चालू केला. दिवे विझले, तसा वरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"नेट गेलं का गं?"

"बाबा, पाच मिनिटं थांबा."

"इथला ठिपका लाल झालाय."

"थांबा म्हटलं ना."

ऑपरेशननंतर बाबा जेवणापुरते खाली यायचे आणि मान खाली घालून जेवून वर जायचे. आई त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. एकदा तिने फळ्यावर लिहिलं होतं, 'मुकी बायको बघवत नाही त्यांना.' धाकटीने 'काहीतरीच काय' म्हणून फळा पुसला होता. पण मनातून तिलाही तसंच वाटत होतं आणि त्याबद्दल बाबांचा रागही येत होता.

राउटरचे दिवे हिरवे झाले. विसावा प्रयत्नही फुकट गेला. तिने दादाला फोन लावला.

"दादा, तुझ्याकडच्या राउटरमध्ये काहीतरी अडतंय. तू घरी आहेस का?"

"कामावर आहे. वहिनीला लाव ना फोन."

वहिनीला कॉम्प्युटरचं वावडं, पण जीव लावून काम करणारी बाई. धाकटी सांगेल ते एकेक बटण ती मोठ्याने वाचून दाबत गेली. त्यात दोन तास मोडले. मधे एकदा स्क्रीन काळी झाली. वहिनीचा पाय वायरवर पडला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फळ्यावर लिहिलं होतं, 'जेव.' धाकटीने मान हलवली. आईने 'जेव'खाली दोन रेघा मारल्या आणि ताट तिथेच आणून ठेवलं. काय चाललंय ते तिला माहीत होतं. सकाळपासून तिने त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तेच धाकटीला सहन होत नव्हतं.

"मिळाला गं प्रोग्राम," वहिनी म्हणाली. "पण हा रिकामा आहे. काहीच नाही यात."

"रिकामा कसा असेल? शंभर टक्के दाखवतोय मला."

"अगं, माझ्या डोळ्यांना दिसतंय ना. एकही ओळ नाही."

धाकटीने दादाला पुन्हा फोन लावला, तेव्हा तीन वाजायला आले होते.

"हां... ते मी काढून टाकलं," दादा म्हणाला. "डिस्क भरली होती. मला वाटलं, तुझ्याकडे आहेच की."

तिने फोन कट केला. बोलली असती तर बहीणभावाचं नातं तिथेच संपलं असतं. आणि बोलायला तोंड तरी कुठे होतं? तिलाही तसंच वाटलं होतं, दादाकडे आहेच की.

ती स्क्रीनकडे बघत बसली. पाच वाजतील, पलीकडचा तंत्रज्ञ दिवा मालवून जाईल, आणि आई जन्मभर कुठल्यातरी परक्या बाईच्या आवाजात बोलेल किंवा फळा पुसत राहील. तरी प्रोग्राम आपला तेच सांगत होता : 'पूर्ण प्रत असलेले : १.' दादा नाही, तर मग हा एक कोण?

तिने आतली नोंद उघडली. कुठल्या पत्त्यावर जोडणी करून बघितली ते तिथे लिहिलेलं असतं. सकाळपासून तिने ही नोंद उघडली नव्हती, कारण पलीकडे दादाच आहे हे तिने गृहीत धरलं होतं. दुसऱ्याच्या ऑफिसात असती तर आधी हेच बघितलं असतं. एकच पत्ता पुन्हा पुन्हा, वीस वेळा. आकडे ओळखीचे वाटले. तिने राउटरवरचा पत्ता शेजारी उघडून दोन्ही ताडून बघितले.

पत्ता तिच्याच घराचा होता.

हा आपलाच लॅपटॉप असणार, आपण आपल्यालाच हाका मारतोय, असं तिला आधी वाटलं. पण तिच्याकडे एक्क्याण्णव टक्के होतं आणि त्या पत्त्यावर शंभर. म्हणजे याच राउटरमागे दुसरं कॉम्प्युटर होतं. आतला माणूस बाहेरच्या फाटकावर जाऊन आपल्याच घरचा पत्ता विचारत होता, आणि राउटर त्याला आत घेत नव्हता. घरात दुसरं कॉम्प्युटर एकच होतं. तिने तिसऱ्यांदा दादाला फोन लावला.

"बाबांकडे कसं आलं ते?"

"त्यांनी मागितलं होतं. ऑपरेशननंतर. मी टोरंटची छोटी फाइल पाठवली आणि फोनवर सांगितलं कसं उघडायचं. माझ्याकडूनच उतरलं सगळं. तुला सांगू नको म्हणाले."

"का?"

"तू ओरडशील म्हणून."

ती ओरडली असतीच. दोन वर्षांपूर्वी बाबांनी कुठल्याशा बक्षिसाच्या मेलवर बोट दाबलं आणि घरभर व्हायरस घुसला. तेव्हापासून तिने त्यांचं कॉम्प्युटर वेगळं काढून 'पाहुणे' नावाच्या नेटवर्कवर टाकलं होतं. त्यावरून बाहेरच्या जगात कुठेही जाता येई, पण घरातल्या दुसऱ्या यंत्राला स्पर्श करता येत नसे. व्यवस्था चोख होती. इतकी चोख की आज तीच तिला भोवली.

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. साडेतीन झाले होते.

बाबा हेडफोन लावून पाठमोरे बसले होते. स्क्रीनवर फाइलींची यादी होती आणि त्यात एकाच ओळीवर निळी पट्टी होती : ६१२. आवाजाची रेघ शेवटाला पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. तिने खांद्याला हात लावला तसे ते दचकले. त्यांनी घाईघाईने हेडफोन काढला आणि आधी स्क्रीनच झाकायला बघितलं.

"मी दुसरं काही उघडलं नाहीये," ते म्हणाले.

"बाबा, आईच्या फाइल आहेत ना तुमच्याकडे? सगळ्या?"

"आहेत." मग हळूच, "काढून टाकणार आहेस?"

"नाही. मला हव्या आहेत. माझ्याकडच्या खराब झाल्या. पाचच्या आत पाठवायच्या आहेत."

बाबांनी माउसवरचा हात काढला नाही. "तिकडे गेल्या की इकडच्या जातील का?"

"नाही बाबा. यात देणाऱ्याचं काही कमी होत नाही. तुमचं तुमच्याकडे राहतं."

"नक्की?" कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मघाशी हा लाल झाला, तेव्हा मला वाटलं गेलं सगळं."

ठिपका लाल झाल्याने फाइलींना काही होत नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अकरा महिने त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. धाकटीने माउस आपल्याकडे ओढला, कारण घड्याळ थांबलेलं नव्हतं.

तिने बाबांचं कॉम्प्युटर 'पाहुणे'वरून काढून घरच्या नेटवर्कवर आणलं. जुनं यंत्र, सतरा विचार करून एक काम करायचं. गोल फिरत राहिलं. मग थांबलं आणि पासवर्ड चुकला म्हणालं. दुसऱ्यांदा बाबांनी अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली आणि तिने दाबली. ती धावत खाली आली. लॅपटॉपवर काही नव्हतं. तीन पंचेचाळीस. काही नव्हतं. मग ती ओळ, जी सकाळपासून यायला हवी होती : 'जोडणी झाली.'

एक्क्याण्णवचे ब्याण्णव झाले, ब्याण्णवचे सत्त्याण्णव. दोन मिनिटांत शंभर. एवढ्यासाठी ती सकाळपासून परगावी धडका मारत होती.

एकशेतीन फाइल प्रयोगशाळेला चढवायला तास गेला. टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. आई शेजारी येऊन बसली आणि तिने धाकटीचा हात हातात घेतला. चार त्रेपन्नला तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, सगळ्या उघडल्या. पुरेशा आहेत. फक्त सहाशे बारा नंबर बाद करतो. मधे बाई दुसरंच काहीतरी बोलल्यात. बाकी होईल आवाज, काळजी नको."

धाकटीने डोळे पुसले आणि आईला मिठी मारली. आईने तिच्या पाठीवर दोन थापट्या दिल्या, मग फळा घेऊन लिहिलं, '६१२ काय?'

धाकटीला आठवत नव्हतं. बिघडलेली वाक्यं आपण तेव्हाच काढून टाकली अशी तिची समजूत होती. तिने ती फाइल लावली.

'खिडकीजवळची खुर्ची...' आईचा तो आवाज, खणखणीत. मग दार वाजल्याचा आवाज, आणि वाचायचं सोडून आई म्हणाली, 'अहो, आलात का? बसा बाहेर जरा. चहा ठेवते, पाच मिनिटं थांबा.'

धाकटीला तो दिवस आठवला. बाबा सारखे खाकरतात, रेकॉर्डिंग बिघडतं, म्हणून तिने त्यांना दहाही दिवस घराबाहेर बसवलं होतं. त्या दिवशी ते लवकर परत आले होते. अकराशे पन्नास वाक्यांत आई कुणाशी तरी खरोखर बोललेली तेवढीच एक जागा होती.

"वर बाबा हेच लावून बसतात," ती आईला म्हणाली. "हेच एक. रोज. मी त्यांना... मी उगाच..."

आईने तिचं पुढचं ऐकलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने दोन कप आणून खालच्या टेबलावर ठेवले आणि फळा घेऊन ती जिना चढायला लागली. ऑपरेशननंतर ती वर कधी गेली नव्हती. धाकटी मागोमाग गेली, पण चार पायऱ्यांवर थांबली.

आई दारात उभी राहिली. बाबांच्या कानांना हेडफोन होता. त्यांना चाहूल लागली नाही. तिने फळ्यावर लिहिलं आणि फळा त्यांच्या स्क्रीनपुढे धरला.

'झाली पाच मिनिटं. खाली चला.'