अक्काची मधली जागा

चामराजपेटच्या त्या घरात माणसं तीन आणि गाडी एक, वडिलांच्या वेळची पांढरी अँबॅसेडर. आता तीन माणसं गाडीतून निघाली की दोघांनी पुढं बसावं आणि एकानं मागं ऐसपैस, ही साधी गोष्ट. या घरात मात्र तिघंही पुढं बसत. मागची अख्खी सीट रिकामी, तिच्यावर फार तर एक छत्री आणि मठातून आणलेला नारळ गडगडत असे.

उजवीकडं गाडी चालवणारा सुधींद्र, डावीकडं खिडकीशी त्याची बायको सुखदा, आणि मधोमध सुधींद्रची थोरली बहीण अहल्या. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. आई गेली तेव्हा सुधींद्र शाळेत होता, त्याला अक्कानं वाढवलं. तिनं लग्न केलं नाही हे खरं. सुधीपायी केलं नाही, असं ती सांगे, आणि दारावर आलेल्या भाजीवालीलाही सांगे.

सुखदा लग्न होऊन पुण्याहून आली, तेव्हा स्टेशनवर अक्कानं गाडीचं पुढचं दार उघडलं, आधी स्वतः आत सरकली आणि मग नव्या नवरीला हाक मारली, "ये ग, खिडकीशी बस. तुला वारं लागेल." त्या दिवशी जी मध्ये बसली ती बसलीच. पुढची सीट एकसंध होती, बाकासारखी, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळं मध्ये पाय सोडायला अडचण नव्हती. अक्काच्या वजनानं मधल्या स्प्रिंगा खचल्या. दोन्ही बाजूंची माणसं आपोआप तिच्याकडं घसरत. ब्रेक लागला की डॅशबोर्ड धरता यावा म्हणून ती सीट पार पुढं ओढायला लावी, आणि तसली सीट पुढं येते ती अख्खीच येते. उंच सुधींद्रचे गुडघे स्टिअरिंगला घासत. तो काही बोलत नसे. बहीण काही म्हणाली की कानडीतलं "सरी", म्हणजे बरं, आणि बायको काही म्हणाली तरी "सरी". नात्यात त्याला गरीब गाय म्हणत.

लग्नानंतर काही वर्षांनी सुखदानं एकदा धीर करून म्हटलं होतं, "अक्का, मागं रिकामंच आहे. तुम्हांला पाय पसरून बसता येईल."

"मागं बसायला लेकरं लागतात ग," अक्का म्हणाली होती. "ती आलीच नाहीत, त्याला मी काय करू?"

सुखदा तेव्हा दवाखान्यांच्या खेपा घालून घालून थकली होती. तिला असं बोलायला काळीज दगडाचं लागतं, आणि अक्काचं होतं. सुधींद्र तेव्हाही गाडीच चालवत होता. सुखदानं तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदा संक्रांत झाली आणि सुधींद्र "कुशनचं काम करून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेला. परत आणली तेव्हा पुढची सीट नव्हतीच. तिच्या जागी दोन सुट्या सीटा होत्या, भंगारात निघालेल्या कुठल्याशा नव्या गाडीच्या, काळ्या, दोन्ही अंगांनी उचललेल्या, मानेला टेकू असलेल्या. बकेट सीट म्हणतात त्या. एकात एकच माणूस मावतो. दोन्हींच्या मध्ये उघडा पत्रा, त्यावर जुन्या बोल्टांची भोकं झाळून बुजवलेली.

अक्का फाटकात उभी राहून बघत राहिली. मग तिनं व्हरांड्याकडं पाहिलं. सुखदा मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, आणि अक्काला हवा तो पुरावा मिळाला.

खरं सांगायचं तर अक्का घाबरली होती. आठवड्यातून एकदा गुरुवारी मठात जाताना तिचा खांदा भावाच्या खांद्याला लागे. बाकी सहा दिवस तो ऑफिसात, नाहीतर खोलीचं दार लावून बायकोबरोबर. तेवढी ती हातभर रेक्झिनची जागा तिची होती. ती गेली म्हणजे या घरात आपण कोण? पण अक्काला भीती वाटली की राग येई, आणि राग आला की तो काढायला सुखदा होती.

गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन डाव्या सीटवर जाऊन बसली. सुखदा आली, तिनं पाहिलं, आणि मागचं दार उघडलं.

"मागं हात पसरून बस हं," अक्का म्हणाली. "तुझ्यासारख्या शिकलेल्या बायकांचा हिशेब चुकतो बघ. मधली जागा काढलीस, खिडकीची गेली."

"अक्का, मी काही..."

"बेडा, काही नको. पुण्याचं शहाणपण मला सांगू नकोस."

सुखदानं आत बसून दार ओढून घेतलं. आरशात अक्काला तिचं अर्धं कपाळ दिसत होतं. तिला फार बरं वाटलं. मठाच्या दारात ओळखीची बाई भेटली, तिला ते दोन सीटांचं पुराण ऐकवलं तेव्हा तर आणखी बरं वाटलं. दर गुरुवारी ती नवं काहीतरी शोधून ठेवी. एकदा वाटेत काच खाली करून म्हणाली, "सुधी, मागं कोण बसलंय रे? आवाजच नाही. नारळ आहे काय?" सुधींद्रनं ओठ हलवले. तो हसला, असं अक्कानं धरून चाललं.

मग भीमाचार्यांच्या नातवाची मुंज आली, बसवनगुडीच्या एका हॉलमध्ये. भीमाचार्य म्हणजे अक्काचे चुलतभाऊ, सगळं गोत जमणार होतं. त्या दिवशी अक्कानं पहाटेच मागच्या सीटवर आहेराची स्टीलची पातेली रचली, फळांचं तबक ठेवलं, फुलांची करंडी ठेवली, आणि उरलेल्या कोपऱ्यात, कुणी विचारलं नव्हतं तरी, केळीचे दोन घड.

सुखदा नऊवारी नेसून बाहेर आली. तिनं मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अय्यो, जागा नाही की ग," अक्का म्हणाली. "तू रिक्षानं ये. चल रे सुधी, मुहूर्त टळेल."

सुधींद्रनं बायकोकडं पाहिलं. सुखदानं त्याच्याकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "सरी," आणि किल्ली फिरवली.

मुंजीच्या दिवसांत सकाळी रिक्षा सुखासुखी मिळत नाही. सुखदा आली तेव्हा बटू भिक्षावळ मागून उठला होता आणि पहिली पंगत हात धुवायला गेली होती. तिच्या काठाला चिखल लागला होता, अंबाडा सुटत आला होता. अक्का बायकांच्या घोळक्यात मधोमध बसली होती.

"आल्या का बाईसाहेब? या. मी यांना तेच सांगत होते, आमच्या गाडीत आता माणसाला माणूस चिकटून बसलेलं चालत नाही. हिनं मिस्त्री बोलावून माझी जागा कापून काढली. जन्म घातला मी त्या पोरासाठी. पण सरी, घरातली म्हातारी अडगळच की."

बायका चुकचुकल्या. एकीनं सुखदाकडं असं पाहिलं की दुसऱ्या कुणीही खाली मान घातली असती. सुखदानं घातली नाही. ती अक्काकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ, आणि जेवायला निघून गेली.

परतताना मागची सीट मोकळी होती, म्हणून सुखदा मागं बसली. दुपार झाली होती. बाजाराच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. अक्काला जेवणातली होळीगी, म्हणजे पुरणपोळी, चढली होती आणि विजयही.

"सगळ्यांना कळलं आज," ती मागं न बघता म्हणाली. "बोल की ग आता. भावाच्या शेजारून मला उठवलीस, आणि मिळवलंस काय? त्याच्या पाठीचा शर्ट."

"अक्का," सुधींद्र म्हणाला. "सीट मी काढली."

"तुला काय कळतंय! तिनं सांगितलं, तू केलंस."

"तिनं नको म्हटलं होतं. अक्कांना लागेल म्हणाली. तरी मी काढली."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर अक्कानं रडून तो खाली आणला असता, ती कला तिला होती. तो पुढच्या बसच्या मागच्या काचेकडं बघत बोलत होता.

"का रे?" अक्कानं विचारलं.

"गुडघे दुखायचे. आणि तुझा भार यायचा अंगावर. वळणावर तू दंड धरायचीस, सिग्नलला मांडीवर हात ठेवायचीस, लहानपणी ठेवायचीस तसा. मला ते नको वाटायचं. आंघोळ केली तरी गुरुवारी रात्रीपर्यंत अंगाला तुझ्या तेलाचा वास यायचा."

अक्काला पहिल्यांदा वाटलं की हा थट्टा करतोय. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर राग नव्हता. जुनं ओझं उतरवून ठेवणाऱ्या हमालाला जितपत बरं वाटतं, तितपत बरं वाटलेलं होतं.

"म्हणजे बायको शेजारी हवी होती तुला," ती कशीबशी म्हणाली. "तसं सांगायचं होतंस."

"नाही ग. कोणीच नको होतं. मला माझी एकट्याची सीट हवी होती. हिलाही सांगितलंय मी तसं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची!  अक्कानं सीटवरून मान मागं वळवली. मानेच्या टेकूमुळं नीट वळता येईना. सुखदा खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, अक्का."

"केव्हापासून?"

"काम करायला दिलं त्याच्या आदल्या रात्रीपासून."

"आणि गप्प बसलीस? इतके दिवस मी तुला..." अक्कानं टेकू धरून आणखी वळायला पाहिलं. "आज त्या सगळ्या बायकांसमोर तरी बोलायचं होतंस!"

"पहिल्या दिवशी सांगत होते. तुम्ही बेडा म्हणालात." सुखदानं काठावरचा वाळलेला चिखल नखानं काढला. "मग म्हटलं, राहू दे. तुम्हांला पुढं बसायला किती आवडतं. आणि यांच्या तोंडून ते आज ना उद्या निघणारच होतं. मला ते मागं बसून ऐकायचं होतं."

सुधींद्रनं गाडी थोडी पुढं घेतली. चौकात लाल दिवा लागला आणि पुढं पांढऱ्या टोपीतला ट्रॅफिक पोलीस दिसला.

"अक्का, पट्टा लाव," सुधींद्र म्हणाला. नव्या सीटांबरोबर पट्टेही आले होते. अक्कानं आजवर तो कधी लावला नव्हता. पोलीस दिसला की सुधींद्र वाकून लावून द्यायचा.

तिनं खांद्यावरून पट्टा ओढला आणि थांबली. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"कुठं अडकवायचा रे?"

"उजव्या हाताला. मध्ये, खाली. बघ, सापडेल."

तिनं दोन सीटांमधल्या फटीत हात घातला. पत्रा तापला होता. बोटांना रूळ लागला, एक बोल्ट लागला, खटका काही लागेना. तिला वाटलं, मागून सुखदाचा हात येईल. तो आला नाही. पोलीस जवळ येत होता.

"सापडला का?" सुधींद्रनं विचारलं, दिव्याकडं बघत.