सुटा डेक

टेलरबाईंचा नवरा गेला तो मागच्या डेकवरच, खुर्चीत बसल्या बसल्या. लाकडी फळ्यांचा, वर पत्र्याचं छप्पर असलेला तो डेक त्याने स्वतःच्या हातांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बांधला होता. मग दोघांचं बिनसलं आणि अंथरूण उचलून त्याने तिथेच मुक्काम ठोकला. कशावरून बिनसलं, हे आता टेलरबाईंनाही धड सांगता आलं नसतं. अबोला मात्र पक्का होता. शेवटी शेवटी जेवणाचं ताटसुद्धा मुकाट्याने दारातून बाहेर जायचं.

घराचा विमा नव्याने करायचा म्हणून कंपनीचा माणूस पाहणीला आला. खोल्या बघून झाल्यावर तो डेकवर गेला आणि भिंतीपाशी वाकला.

"हा घराला जोडलेला आहे ना?"

"अहो, म्हणजे काय! यांनी बोल्ट मारलेत."

"मग ही फट कसली?"

भिंत आणि पहिली फळी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. बोल्ट भिंतीतून बाहेर आले होते. तुटले नव्हते, वाकले नव्हते. कुणीतरी सावकाश फिरवून काढावेत तसे.

"जोडलेला असेल तर घराच्याच विम्यात येतो," तो म्हणाला, "सुटा असेल तर वेगळा लिहावा लागतो. आधी बसवून घ्या, मी परत येतो."

सुताराने नवे, जाडजूड बोल्ट मारले. "आता हत्ती बांधा," म्हणून हसत गेला. सकाळी टेलरबाई चहा घेऊन मागच्या दारात आल्या, तर सगळे बोल्ट उंबऱ्यावर ओळीने मांडलेले. काम संपलं की नवरा हत्यारं अशीच मांडायचा. फट आता पाऊलभर झाली होती.

नवरा गेल्यापासून सोबतीला राहायला आलेल्या नणंदेला त्यांनी हाक मारली. "वन्सं, तुम्ही काढलेत का हे?"

"मी? माझ्याच्यानं डब्याचं झाकण निघत नाही, वहिनी." नणंदेने बोल्टांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दादाला घराला चिकटून राहायचं नसेल."

टेलरबाईंना रागच आला. मेल्यावरही रुसवा? आणि त्यामागून हळूच हेही आठवलं, की तो जिवंत असताना बाहेर जाऊन 'आत या' असं आपण एकदाही म्हटलं नाही.

विमावाला परत आला तेव्हा त्या फटीपाशी उभ्या राहिल्या.

"सुटा लिहा."

"नक्की?"

"नक्की. वेगळं राहायचंय ना, मग खुशाल राहू दे!" त्यांचा आवाज चढला. "मी कुणाला धरून ठेवलेलं नाही."

विमावाल्याने बावचळून मागे पाहिलं. मागे रिकामी खुर्ची होती. त्याने भराभर फोटो काढले आणि काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडेना. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. टेलरबाईंनी खांदा लावला, नणंदेनेही जोर लावला.

"वहिनी, पलीकडून कुणीतरी रेटतंय," नणंद म्हणाली आणि चटका बसावा तसे तिने हात काढून घेतले.

दोघी पुढच्या दाराने वळसा घालून गेल्या. डेक भिंतीला घट्ट भिडला होता. पहिली फळी वर चढून दाराला टेकली होती. खांबांमागच्या मातीत लांबच लांब ओरखडे उठले होते, जड पेटारा ओढत न्यावा तसे.

नणंदेने दुपारीच बॅग भरली. "मी लेकीकडे जाते. तुम्हीही चला."

"तुम्ही व्हा पुढे," टेलरबाई म्हणाल्या.

सुताराने दार काढून आत उघडेल असं बसवून दिलं. या वेळी तो हसला नाही, चहालाही थांबला नाही.

संध्याकाळी टेलरबाईंनी दार उघडलं. बराच वेळ त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. मग चपला काढून त्यांनी फळीवर पाय ठेवला. पायाखालचं लाकूड किंचित दबलं आणि पलीकडे सरकलं, अंथरुणावर पडलेल्या माणसाने अंग चोरून जागा करून द्यावी तसं.

टेलरबाई खाली बसल्या.